ठोसेघरच्या कठड्यापाशी

अंकिता बाळ,

परवा तुजं आबा आन् मी आष्ट्याहून ठोसेघरचा धबधबा बघाया गेलो व्हतो. राजरत्नशी लगीन केलंस म्हनून आबांनी तुला तोडली, त्याला पाच वर्सं झाली.

धुकं सरलं आन् कठड्यापाशी तू दिसलीस, कडेवर टोपडं घातलेलं लेकरू. आबांनी माजा दंड धरून मला माघारी वळवलं. मागनं तू "आई गं!" म्हनून हाक मारलीस. आबा म्हनलं, "मागं बघू नगंस. गाडीत बस." मी बसले.

घरी आल्यावर शेजारच्या मनुबाईनं इचारलं, "कोन वळखीचं भेटलं का गं?" मी न्हाई म्हनले.

ह्ये पत्र टाकायचंबी धाडस न्हाई मला. पोरगा हाय का पोरगी, येवढं तरी इचारायचं व्हतं गं.

तुजी भित्री आई