वहिनींची डॉक्टरीण

३ मार्च

सौ. वहिनींना नमस्कार,

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात, लेकीची तब्येत बरी आहे आणि बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय, हे सगळं तुमच्या दिरांकडून कळलं. जाणारच. तुमच्या घरातलं जे जे चांगलं असतं ते तुमच्यावरच जातं.

फोन वाजला की बाळ उठतं म्हणालात, म्हणून पत्र लिहिते. इकडची अजिबात काळजी करू नका. तांबू मजेत आहे. बदकं मजेत आहेत. तुमच्या मांजरीने माझ्या स्वयंपाकघरात मुक्काम ठोकलाय आणि माझा कुत्रा तिला घाबरून अंगणात झोपतो.

गोठ्याच्या दारावर चिकटवलेला तुमचा कागद वाचला. अकरा सूचना! चारा किती, पाणी केव्हा, गोठा कशाने धुवायचा. आणि काय तर म्हणे, धार काढण्याआधी प्रत्येक सडातलं पहिलं दूध काळ्या वाटीत काढून बघायचं. वाटीसुद्धा खुंटीला टांगून गेला आहात. वहिनी, मीही शेळ्यांच्या धारा काढतेच की, आणि त्या बिचाऱ्यांनी अजून वाटी मागितलेली नाही. सगळ्यात खाली लाल शाईने डॉक्टरणीचा नंबर, त्याच्याखाली दोन रेघा. मला एक रेघसुद्धा पुरली असती.

तुम्ही तिला निवडलंत तेव्हाची गंमत आठवते का? तिने सायकलच्या दुकानाशेजारी दवाखाना थाटला आणि तुम्ही वही घेऊन आधी म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलात, मग तिच्याकडे. सुट्टीच्या दिवशी येणार का? गाय आणि मांजर दोन्ही बघता का? तुम्ही बाहेरगावी असलात तर आमचं कोण बघणार? जावई पसंत करताना तुम्ही एवढी उलटतपासणी घेतली नव्हती. मी काही न विचारता म्हाताऱ्या डॉक्टरांकडेच राहिले. त्यांना माझ्या कुत्र्याचं नाव पाठ आहे. तुमच्या डॉक्टरणीला प्रत्येक जनावराचं कार्ड काढून बघावं लागतं.

लेकीला आशीर्वाद, बाळाला पापा.

तुमची धाकटी


१३ मार्च

सौ. वहिनींना नमस्कार,

तुमचं पत्र आलं. चार ओळी बाळाच्या आणि दीड पान तांबूचं. तिचं ठीक आहे. दूध थोडं कमी झालंय, पण हवा बदलली की होतं तसं. तुम्ही नाहीत म्हणून रुसलीही असेल. तुमच्यावर सगळे जीव टाकतात, गाईने का टाकू नये?

तीन दिवसांपूर्वी म्हातारे डॉक्टर सहज येऊन गेले. सहज म्हणजे मीच बोलावलं होतं, कुत्र्याच्या कानासाठी. आलेच होते म्हणून तांबूलाही बघितलं. काही विशेष नाही. एक इंजेक्शन दिलं.

निघताना फाटकापाशी उभे राहून ते काय म्हणाले, ऐका. त्यांच्या घरचा कुत्रा आहे ना, तो केसाळ, त्याला ते तुमच्या डॉक्टरणीकडे नेतात! मी इतकी वर्षं ज्यांची बाजू घेऊन गल्लीभर भांडले, ते स्वतःच तिच्या बाकावर कुत्रा घेऊन बसतात. मला कुणी सांगितलंही नाही. तुम्हाला माहीत होतं का? असणारच, आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलला नसाल. तुमचं हे असलंच मला सहन होत नाही.

सगळी गल्ली म्हणते, तिला हातगुण आहे. सासूबाई हाच शब्द तुमच्यासाठी वापरायच्या. मी लावलेलं रोप मान टाकायचं, तुम्ही तेच उपटून दोन हात पलीकडे लावलंत की तरारायचं. सासूबाई शेजारणीला बोलावून दाखवायच्या, "बघा, मोठीला हातगुण आहे." धाकटी तिथेच उभी असायची, हातात पाण्याची बादली घेऊन. रोपाला पाणी मीच घालत होते, वहिनी, दोन्ही वेळा.

काल बाजारात डॉक्टरीण भेटली. भाजीची पिशवी सांभाळत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "वहिनी केव्हा येणार? तांबू कशी आहे?" मी म्हटलं, मजेत. ती तुम्हाला वहिनी म्हणते हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्या वहिनी. गल्लीतल्या सगळ्यांच्या कधीपासून झालात?

जास्त लिहीत नाही. गोठ्यात जायचंय.

धाकटी


२१ मार्च

वहिनी,

हे पत्र बसून वाचा. बाळ मांडीवर असेल तर लेकीकडे द्या.

तांबूचा मागचा डावा सड गेला. ती वाचली आहे, खाते, रवंथ करते, काल तिने मला शेपटीचा फटकाही मारला. पण त्या सडातून आता दूध येणार नाही. हे मागच्या पत्रात पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. बाळ उठेल म्हणून पत्र लिहिते म्हणाले, तेही अर्धंच खरं. फोनवर तुम्ही माझ्या आवाजावरून ओळखलं असतंत.

आठ तारखेला बादलीत दुधाच्या गुठळ्या दिसल्या. कास एका बाजूने गरम होती. काळी वाटी खुंटीवरच होती, मी तिला एकदाही हात लावला नव्हता. दोन दिवस मी गुठळ्यांचं दूध ओतून दिलं आणि गप्प बसले. मग म्हाताऱ्या डॉक्टरांना बोलावलं. कुत्र्याच्या कानाला काही झालेलं नव्हतं.

त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. त्यांनी कास दाबून बघितली आणि म्हणाले, "बाई, हे माझ्या एकट्याचं काम नाही. दूध तपासून मग औषध ठरवायला हवं, आणि ती सोय तिच्याकडे आहे. आज इंजेक्शन देतो, पण आजच्या आज तिला बोलवा." फाटकापाशी मला चालढकल करताना बघून पुन्हा म्हणाले, "मला आता बारीक दिसत नाही. माझा स्वतःचा कुत्रा मी तिच्याकडे नेतो, आणखी काय सांगू?" तुम्हाला मी त्यातलं शेवटचं तेवढं लिहिलं.

मी हो म्हटलं आणि चार दिवस बोलावलं नाही. तुमच्या दिरांना सांगितलं, डॉक्टर बघून गेलेत. ते खोटं नव्हतं. बाजारात ती समोर उभी राहून विचारत होती तेव्हाही मजेत म्हणाले. तिच्याकडून बरी झाली असती तर तुमची निवड खरी ठरली असती. एवढंच होतं, वहिनी, दुसरं काही नव्हतं. एका मुक्या जनावराच्या कासेत मी माझी असूया चार दिवस साठवून ठेवली.

चौदाला सकाळी तांबू चाऱ्यापाशी आली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे कान गार पडले होते. मी लाल शाईतला नंबर फिरवला. डॉक्टरीण अर्ध्या तासात आली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून. केव्हापासून, असं विचारलं. मी म्हटलं, सहा दिवस. "वहिनी असत्या तर..." एवढं बोलून तिने जीभ आवरली. मीच वाक्य पुरं केलं, "त्यांना हातगुण आहे." ती बादलीत हात धूत होती. मान वर न करता म्हणाली, "हातगुण कसला? त्या रोज वाटीत बघतात."

वीस वर्षं मी ज्या गोष्टीवर जळले ती दारावरच्या कागदात लिहिलेली होती, आणि मी ती वाचून हसले होते.

मग तिने सांगितलं, दोन वाटा आहेत. सड वाचवायची खटपट करायची, पण जंतू अंगभर पसरले तर गाय जाईल. किंवा तो सड कायमचा आटवायचा आणि गाय वाचवायची. ठरवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, वहिनींना फोन करते. तिने पिशवीतून कार्ड काढलं, तेच कार्ड, आणि माझ्यापुढे धरलं. मालक नसताना कुणाला विचारावं, तिथे तुमचं अक्षर. "माझी धाकटी जाऊ. ती सांगेल ते करा, मग मला विचारू नका." खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख. त्या आठवड्यात मी तुमच्या वहीची नक्कल करून गल्लीला हसवत होते.

तुम्हाला वाटेल मला रडू आलं. नाही आलं. मला राग आला. चांगुलपणातसुद्धा तुम्ही माझ्या तीन वर्षं आधी जाऊन बसलात.

मी म्हटलं, सड जाऊ दे, गाय वाचवा. पाच दिवस ती रोज दोनदा आली. तांबूचं डोकं मी धरत होते. एकदाही ती मला टोचून बोलली नाही, त्यामुळे तीही मला आवडत नाही. पण डॉक्टर म्हणून तुम्ही निवडलीत ती बरोबर निवडलीत. हे लिहायला मला तीन वेळा पेन खाली ठेवावं लागलं.

रविवारी तुम्ही याल. मला माहीत आहे तुम्ही काय कराल. पिशव्या ओट्यावर ठेवून तशाच गोठ्यात जाल, तांबूच्या पाठीवरून हात फिरवाल, कास बघाल आणि मला म्हणाल, "असू दे गं, होतं असं." आणि पाणी मागाल.

वहिनी, तसं करू नका, तुमच्या पाया पडते. मला चांगलं फैलावर घ्या. शेजारीपाजारी बाहेर येतील असं बोला. म्हणा, विश्वासाने जनावर सोपवलं आणि तू ते मत्सरापायी नासवलंस. हा शब्द मी स्वतःला वापरून बघितला, पण स्वतःच्या तोंडून तो लागत नाही. तुम्ही मुकाट्याने माफ केलंत तर त्यातही मोठ्या तुम्हीच, आणि मी पुन्हा कुंपणाच्या अलीकडून तुमच्याकडे बघत राहीन. मला ते आता पुरे झालंय. एकदा बरोबरीची समजून भांडा माझ्याशी.

तुमच्या शिव्यांची वाट बघणारी,
तुमच्या कार्डावरची,
धाकटी जाऊ