बाभळीची पाचर

आबा, आज कुरुळीला जाऊन आले. तुमच्या कंपनीत नव्हे. ती बंद पडूनही बरीच वर्षं झाली, तिथे आता कसलंसं गोडाऊन आहे आणि गेटबाहेर कंटेनरची रांग असते. मी गेले होते आपल्या भावकीतल्या त्या पोराच्या शेडवर, जो तुम्हाला काका म्हणायचा आणि तुमच्याच देखत आपल्या कैऱ्या पाडायचा. आता तो पोट सुटलेला मालक आहे. स्वतःच्या वावरात पत्र्याची शेड टाकलीय, चार पॉवर प्रेस बसवलेत आणि त्यातल्या एका प्रेसवर माझ्या कॉलेजच्या मुलांनी केलेलं एक यंत्र लावलंय. त्या यंत्राबद्दल सांगायचंय. खरं तर सांगायचंय दुसरंच, पण ते एकदम बाहेर पडणार नाही, म्हणून आधी हे. हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, पाठवायचं कुठे थोडंच आहे.

मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि उघडलेला मिक्सर परत बंद करता येईना म्हणून आईच्या शिव्या खात होते. आता शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट बघते. यंदा एका गटाला विषय मीच दिला: प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, कामगाराचा हात असेल, तोवर पायाखालचं पेडल दाबलं तरी प्रेस खाली येता कामा नये. डायच्या तोंडाशी एक सेन्सर बसवायचा, म्हणजे हातावर पडून परत आलेल्या उजेडावरून हात ओळखणारा डोळा. त्याच्याजवळ एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्राचा मेंदू, आणि चार मीटरवर पॅनेलमध्ये दुसरा, जो प्रेसला खाली येऊ देतो किंवा अडवतो. पहिल्यानं दुसऱ्याला तारेवरून सारखं कळवत राहायचं: हात नाही, हात नाही, हात आहे. काम एवढंच. हाच विषय का, असं मुलांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

लॅबमध्ये टेबलावर झकास चाललं. म्हणजे आधी नाहीच चाललं, कारण दरवर्षीप्रमाणे तारा चुकल्या होत्या. असल्या जोडणीत एकाच्या बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या टोकाला न्यावी लागते. मुलं हमखास बोलण्याला बोलणं जोडतात, मग दोघंही बडबडतात आणि ऐकत कुणीच नाही. आई म्हणाली असती, हे तर आपलंच घर. ते सुधारलं, दोघांचा बोलण्याचा वेग एक केला, तेव्हा नुसती पेन्सिल पुढे केली तरी पॅनेलमधला लाल दिवा लागायला लागला. मग सगळं बाडबिस्तर कुरुळीला नेलं. प्रेसची मोटर सुरू झाली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर निरोपाऐवजी नुसता कचरा: चौकोन, प्रश्नचिन्हं, मधूनच एखादं भलतं अक्षर. गटात लातूरकडची एक मुलगी आहे, सगळं काम तीच करते, बाकीचे तिघं तारा धरतात. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मॅडम, तिथं टेबलावर चांगलं चालायलंय आन् इथं आलं की येड्यासारखं करायलंय. काय करावं कळना झालंय."

मलाही कळत नव्हतं, पण मॅडमला तसं म्हणता येत नाही. केबल बदलली. वेग कमी केला. दोघांचा शून्य एकच असावा म्हणून ग्राउंडची तार पक्की केली. चिप बदलली, लॅपटॉप बदलला, कुणी म्हणालं चार्जरमुळे होत असेल, तर तोही बदलला. जखम मांडीला, मलम शेंडीला. वर जाळीचं आवरण असलेली केबल आणली तेव्हा कचरा निम्म्यावर आला, तरी दहा-बारा जॉब, म्हणजे पत्र्याचे तुकडे, झाले की एकदा निरोप तुटायचाच आणि तुटला की, हात असेलही असं धरून, प्रेस थांबायचा. खरा इलाज मला माहीत होता. कारखान्यात वापरतात तसली वेगळी तारजोडणी हवी होती, पण तिच्यासाठी अख्खा बोर्ड नव्यानं करावा लागला असता आणि परीक्षा आठ दिवसांवर आली होती. मी तुमचा मल्टिमीटर घेऊन त्या शेडमध्ये उकिडवी बसायचे, तारेच्या या टोकाला लाव, त्या टोकाला लाव. तो अजून चालतो. मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला त्या आठवड्यात तुम्ही तो जुन्या बाजारातून आणला होतात आणि डाव्या हातानं पुढे केला होतात. उजवा खिशात ठेवायची तुम्हाला तोवर सवय लागली होती.

मग एका सकाळी ती मुलगी धावतच स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, झालं! थांबतच नाही आता!" आम्ही लगोलग कुरुळीला गेलो. प्रेस तासभर चालला, एकदाही अडला नाही. मालकानं खूश होऊन वडापाव मागवले, मीही खाल्ला, आणि खाता खाता सहज लॅपटॉपकडे बघितलं तर पडद्यावर कचरा होता तसाच वाहत होता. निरोप तुटतोय आणि प्रेस थांबत नाही, हे कसं? प्रोग्रॅम उघडून घेतला. त्यात एक नवी ओळ होती. निरोप आला नाही किंवा कळला नाही, तर आधीचाच निरोप खरा धरायचा. आधीचा निरोप बहुतेक वेळा "हात नाही" असाच असणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

"ही ओळ कुणाची?"

"माझी, मॅडम."

"निरोप तुटलेला असताना कुणी हात घातला तर?"

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग हळूच म्हणाली, "डेमोपुरतंच आहे ओ मॅडम. नंतर काढून टाकते ना."

त्यानंतर मी तिला इतकं बोलले की शेजारच्या प्रेसवरची बाई काम थांबवून बघायला लागली. शेवटी माझ्या तोंडातून निघून गेलं, "ही पाचर आहे, पाचर!" मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "कसली पाचर, मॅडम?"

मी पाचवीत आहे. तुमच्या प्रेसला दोन बटणं आहेत, एकेका हाताला एकेक. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. तुम्ही जेवायला बसलाय, आई चुलीपुढे भाकरी थापतेय, आणि तुम्ही मला म्हणताय, "बाय, बाभळीची एक पाचर तासून दे गं. बोटाएवढी. एक बटान दाबून ठेवायचं हाय." मी विचारते, कशाला. "दोनी हात गुतून पडत्यात. एक मोकळा असला की माल भराभरा निघतो. समदेच लावत्यात." मी कोयत्यानं पाचर तासते, मोठी झाली म्हणून परत तासते, तुमच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून पाट्यावर घासून गुळगुळीत करते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवता टेकवता तुम्ही आईला सांगता, "पोरीची पाचर लई झ्याक बसली." शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

त्याच दिवाळीच्या आधी तुमच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यात येईल त्याला तुम्ही एकच सांगत होतात, "माजीच घाई नडली." कंपनीनंही तेच लिहून घेतलं आणि तुम्हाला गेटवर बसवलं. पाचरीचं नाव तुम्ही कधी काढलं नाहीत, मीही नाही. तुम्ही मला वाचवत होतात की स्वतःला, की तुमच्या दृष्टीनं तो विषयच नव्हता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मला तर त्या वेळी दोन गोष्टींचा संबंधसुद्धा लागला नव्हता. लागला तो डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षी, तुम्ही गेल्यावर, पुस्तकातल्या एका साध्या ओळीपाशी: यंत्र खाली येताना कामगाराचे दोन्ही हात बटणांवरच असावेत, म्हणून बटणं दोन. मी पुस्तक मिटलं. आई जेवायला हाका मारत होती.

आणि तुम्हाला हे कळत नव्हतं असं तरी कसं म्हणू? लहानपणी मी कडबाकुट्टीच्या तोंडाशी हात नेला तेव्हा तुम्ही कानफटात लगावली होतीत. उभ्या आयुष्यात तेवढीच एकदा. "मशीनला माया नसती," ओरडला होतात, "तिला पेंडी आन् पोरगी सारखीच!" कळत होतं तुम्हाला. सगळं कळूनही एक हात मोकळा हवा होता. मला त्याचा राग येतो, आबा, अजूनही येतो. राग आला की पुढच्याच क्षणी आठवतं की पाचर तासली कुणी होती, मग राग कुणावर धरायचा तेच समजत नाही.

यातलं काही मी त्या मुलीला सांगितलं नाही. "ओळ काढ," एवढंच म्हणाले. तिनं काढली. निरोप तुटला की प्रेस थांबणार, पुन्हा पहिल्यासारखं. प्रेस काही कॉलेजात उचलून आणता येत नाही, म्हणून परीक्षेच्या दिवशी शेजारी वर्कशॉपची एक मोटर चालू ठेवून यंत्र चालवून दाखवलं, आणि पाच मिनिटांत तीनदा थांबलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हे तर सारखं बंद पडतंय." मी म्हणाले, "सर, बंद पडतंय तेच बरोबर आहे." नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मुलं कशीबशी पास झाली. रात्रंदिवस खपलेल्या त्या मुलीला आणि तारा धरणाऱ्या तिघांना सारखेच मार्क पडले. मी तिची समजूत घालायला गेले तर "ठीकाय मॅडम" म्हणाली आणि बॅग भरत राहिली. तिचं काही चुकलं नाही. मी तिला खरं बोलायला लावलं आणि खऱ्याची किंमत तिला एकटीला चुकवावी लागली.

यंत्र मात्र मालकानं ठेवून घेतलं. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक शेड तपासायला येतात, त्यांना दाखवायला बरं. नवा बोर्ड मी स्वतःच करायला घेतलाय, त्याच्या मापासाठी आज गेले होते. शेडमध्ये शिरले तर तो प्रेस धडाधड चाललेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एकदाही थांबला नाही. क्षणभर मला वाटलं, आपोआप बरा झाला की काय! जवळ जाऊन बघितलं तर तार मोटरपासून लांबून फिरवलेली, म्हणून निरोप तुटत नव्हता, आणि सेन्सरच्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी. काळ्यावरून उजेड परत येत नाही, म्हणजे डोळ्याच्या लेखी हात कधीच नाही. नवा बोर्ड लावला, तार कितीही स्वच्छ बोलायला लागली, तरी ती हेच सांगत राहणार.

प्रेसवर बाई होती, माझ्याच वयाची असेल. दहाही बोटं शाबूत, नखांवर अर्धवट उडालेलं लाल नेलपॉलिश. माझी नजर कुठे आहे ते तिनं ओळखलं.

"मॅडम, ती पट्टी काढू नगा हां. हात जरा जवळ ऱ्हायला की लई थांबती ओ मशीन. पाचला मालाची गाडी लागनार हाय."

"बोटं जातील, ताई."

ती हसली. हात चालूच होता, जॉब घालायचा, पेडल, जॉब काढायचा. "न्हाई जात. माजं ध्यान असतंय. आन् माल मागं पडला तर बोलनी कोन खायाची, तुमी?"

मी मालकाकडे गेले. त्यानं लगेच हात वर केले. "ताई, म्या न्हाई लावली. आईशपथ. तिनंच लावली. सांगतो तिला, बगतो मी," म्हणाला आणि त्याला फोन आला. फोन संपायची वाट बघत मी तिथे उभी राहिले. भिंतीवर सुरक्षेची पाटी आहे, हेल्मेट घातलेल्या हसऱ्या माणसाची. फोन काही संपला नाही. कुणाला सांगायचं, काय सांगायचं? बाईला तिचं पोट आहे, मालकाला पाच वाजताची गाडी आहे, मुलगी पास होऊन निघून गेली, आणि तुम्हाला विचारावं तर तुम्ही म्हणाल, समदेच लावत्यात.

निघताना मी पुन्हा त्या प्रेसपाशी गेले. काढायचीच म्हणून गेले होते. नखानं सहज निघाली असती. बाई काम थांबवून माझ्या हाताकडे बघत होती. मला वाटलं, मी काढली तर माझी पाठ वळताच ती दुसरी लावेल, आणि मधल्या वेळात मागे पडलेल्या मालाची बोलणी तेवढी जास्तीची खाईल. हे कारण मी घरी येता येता रचलेलंही असेल. पट्टीचं एक टोक तेलानं सुटून वर आलं होतं. आबा, ते मी अंगठ्यानं दाबून नीट बसवलं.