विमानात न उघडलेला डबा

प्रिय ताई,

आई सुखरूप पोचली हे तुला परवाच कळलंय. पण कसल्या कारस्थानी गं तुम्ही दोघी! शेजारच्या काकांकडून गुपचूप तिकीट काय काढलंत, तिला विमानात काय बसवलंत, मला कानोकान खबर नाही. मी काउंटरवर कुणाच्या तरी बॅगेचं वजन करतोय, आणि चाकाच्या खुर्चीतून आई समोर! खुर्ची ढकलणाऱ्याला म्हणते, हाच तो, आमचं शेंडेफळ. अख्खी रांग हसली. मीही हसलो. मग ती म्हणाली, लवकर पोचले रे, पायलट घाईत होता वाटतं. मी पटकन वजनकाट्याकडे बघायला लागलो.

कारण विमान अगदी वेळेवर होतं. ताई, तुमच्या विमानतळावरून आमच्या विमानतळावर यायला दीड तास लागतो. सरळ विमान, रोज आहे. मध्ये उतरा, विमान बदला, तिथे ताटकळत बसा, अख्खा दिवस मोडतो, हे सगळं मी रचलेलं. पहिली थाप मारली ती एका सुट्टीत तिकडे न येता नुसतं लोळायचं होतं म्हणून. पचली. मग सवयच लागली. तू फोनवर शोधलं असतंस किंवा आईच्या तिकिटावरच्या वेळा नीट वाचल्या असत्यास तरी मी उघडा पडलो असतो, पण घरचा माणूस विमानतळावर नोकरीला असताना शोधतंय कोण!

आईने त्या थापेच्या हिशेबानेच तयारी केली होती. मानेला उशी, शाल, पायमोजे, गोळ्या आणि दोन वेळचं जेवण. घरी आल्यावर तिने डबा उघडला, तर अन्न अजून कोमट. तिने डब्याला हात लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी कोडग्यासारखं म्हटलं, वारा पाठीमागून होता गं. असेल बाबा, तुला कळतं त्यातलं, म्हणाली आणि मलाच वाढायला लागली.

गेल्या हिवाळ्यात तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा तू हॉस्पिटलमधून फोन केला होतास. ऑपरेशनच्या कागदावर एकटीने सही करायला धजत नाही, म्हणालीस. मी म्हटलं, आत्ता निघालो तरी उद्या पोचेन, तूच सांभाळ. आणि वेडे, तू उलट मलाच धीर दिलास, एवढ्या लांबून तू तरी काय करणार म्हणून. त्या दिवशी मला ड्यूटीसुद्धा नव्हती. भीती वाटली होती आणि कंटाळाही आला होता, दोन्ही खरं. आता तुझ्याशी फोनवर बोलायची छाती होत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

परवा संध्याकाळी ती तुझ्याशी बोलत होती, तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. आत्ता पोचतेय बाई, कंबरेचा काटा ढिला झाला, केवढं लांब राहतं गं पोर, उगाच त्याला बोल लावत जाऊ नकोस. ताई, ती दुपारच्या जेवणाला घरात होती. माझी थाप आता ती मारतेय, तीही तुझ्याशी, जिला तिने जन्मात कधी फसवलं नाही. म्हणून हे लिहितोय. दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी येतोय, सही मी करेन. चारचौघांत माझी खरडपट्टी काढायची असेल तर खुशाल काढ, पण आई ऐकत नसताना. तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. ती परत आली की प्रवास कसा झाला विचार, आणि ती सांगेल तितके तास खरे मान.

तुझाच,
धाकटा