मोहाखालचं गणित

२७ मार्च, संध्याकाळ

पाऊल वाघिणीचंच आहे, आणि आज पहाटेचंच. वनरक्षक भाऊंनी दुपारी येऊन खात्री केली. मुलांना मी घरीच शिकवते, आणि गणित रोज सकाळी परसामागच्या मोहाखाली. फुलं वेचायची, दहादहाचे ढीग मांडायचे. मीच काढलेली ही रीत.

"बाई, पोरायले वाकून वेचू देऊ नका," भाऊ म्हणाले. "वाकलेला माणूस तिले जनावरच वाटते."

सकाळी मोहाखाली धाकट्या चिनूने त्या पावलाभोवती फुलांचं रिंगण मांडलं होतं. "आई, केवढा कुत्रा!" मीही वाकून तिच्याबरोबर बोटं मोजली, शाबासकी दिली. मी इथेच जन्मले, तरी ओळखलं नाही? की ओळखायचंच नव्हतं? ते फुलांचं रिंगण डोळ्यांपुढून हलत नाही.

शेजारच्या शेवंताबाईंना सांगितलं, तर त्या उद्याच्या वेचणीचं टोपलं झटकत म्हणाल्या, "मोह काय वाघिणीसाठी थांबून राह्यते का?"

उद्या झाडाला कॅमेरा लागेल. पिल्लं असतील तर ती परत येईल, असं भाऊ म्हणतात. मुलांना मी घरातच चिंचोके मोजायला बसवणार आहे. पण चिनू उजाडायच्या आधी उठते, आणि दाराच्या कडीला आता तिचा हात पोचतो.