अध्यक्षपद वारशात धरू नये

मी, एवेलिओ बाल्दोमेरो केसादा, वय एकोणऐंशी, धंदा पंखे आणि प्रेशर कुकर दुरुस्ती, राहणार साग्वा ला ग्रांदे, क्युबा, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. फुप्फुसं थकली आहेत, डोकं शाबूत आहे.

राहतं घर पत्नी एनेइदा हिला. मला शाळेतल्या नोकरीवरून काढल्यापासून ते तिच्याच शिवणकामावर चाललं. तिचंच तिला देतो आहे, उपकार नाही.

दुरुस्तीची सगळी हत्यारं दायामी इझनागा हिला. ती परिचारिका होती. आमच्या पक्षात आल्यामुळे इस्पितळाने काढलं, तेव्हा माझ्याच बाकावर शिकली. हात माझ्यापेक्षा हलका आहे.

शेजारीण एउफ्रासिया, सरकारी गल्ली समितीची प्रमुख, हिने दोनदा जमाव आणून दारात ‘देशद्रोही’ म्हणून घोषणा दिल्या आणि अंडी फेकली. त्या महिन्यात रेशनला आम्हाला अंडी मिळाली नव्हती, हे मी विसरलेलो नाही. माझी शिडी तिच्याकडे आहे. राहू द्यावी.

आता अध्यक्षपद. आमचा लिबरल नागरी पक्ष बेकायदा. सभा डॉमिनोच्या टेबलावर होतात. सोंगट्या आपटत राहिलं की बोलणं रस्त्यावर जात नाही. देशात एकच पक्ष का, खरी निवडणूक का नाही, हे आम्ही विचारतो. आणि मी सव्वीस वर्षं अध्यक्ष आहे, एकदाही मतदान न घेता. मतपत्रिका सापडल्या तर सगळे तुरुंगात, ही माझी सबब. पोलिसांना आमची नावं कधीच पाठ झाली होती.

एनेइदा म्हणायची, “या बेटावर खुर्चीला चिकटलेले पुष्कळ. त्यातला एक माझ्या हातचं जेवतो.”

दायामीने भर सभेत विचारलं, “काका, आपली निवडणूक कधी?”

मी म्हणालो, “हे विचारायला तुला कुणी पाठवलं?”

आमच्यात याचा अर्थ एकच होतो: तू सरकारची हेर. वर्षभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. तरी ती येत राहिली, माझी औषधंसुद्धा तीच आणायची. मला लाज वाटते, फार वाटते.

गेल्या रविवारी माझ्या खाटेशी मतदान झालं, कागदाशिवाय. दायामीसाठी छोला, माझ्यासाठी काळा घेवडा, आणि फडक्याखाली कॉफीची किटली; प्रत्येकाने हात घालून एक दाणा आत टाकायचा. आमच्या पक्षातल्या लाझारोने ती ताटात ओतली. सगळे छोले, घेवड्याचा दाणा एकच. कुणी माझ्याकडे बघेना.

दायामी माझा हात धरून म्हणाली, “बघा काका, कुणालातरी अजून तुम्हीच हवे आहात.” आणि मी मान डोलावली.

तेव्हा अध्यक्षपद मी कुणाला देत नाही, ते माझं नव्हतंच; दायामीने मतांनी घेतलं आहे. हे मृत्युपत्र वाचताना तिला समोर बसवावं आणि पुढचं वाक्य मोठ्याने वाचावं. तो काळा दाणा मीच टाकला होता.

सही: एवेलिओ बा. केसादा
साक्षीदार: लाझारो मोन्तेहो, पक्षसदस्य, ऑरेलिओ सांतोव्हेनिया, समोरचे पावभट्टीवाले
साग्वा ला ग्रांदे, १७ मार्च २०१६