आईचं फडकं

ब्रेमेन, पश्चिम जर्मनी
४ ऑक्टोबर १९८४

ती. दादास सप्रेम जयभीम, वि. वि.

मी खुशाल आहे, पण सोनं रुसलंय. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे त्याचे कण पाण्यात तरंगत राहिले, तर पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. माझं दर खेपेला काळं-निळं होतं. प्रयोगाची काचेची भांडी मी स्वतः धुतो, आईने शिकवल्याप्रमाणे स्वच्छ फडक्याने कोरडी पुसतो. नोव्हेंबरअखेर जमलं नाही तर सर हे काम दुसऱ्याला देणार आहेत. आईला बोलू नकोस.

माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
धर्मराज

मु. पो. पावणे, २० ऑक्टोबर

चि. धर्मराज यास जयभीम व आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझा बर्फातला फोटो आईने दारासमोर लावलाय. येणारा प्रत्येक जण आधी तुझी चौकशी करतो, मग पाणी मागतो. त्या खिळ्यावर माझ्या लग्नाचा फोटो होता, तो आता पेटीत आहे. मी रंगाच्या कारखान्यात टेस्टिंगच्या खोलीत आठ वर्षं बाटल्या धुतोय, हे शेजारच्या पुतळामावशीला अजून माहीत नाही. केमिस्ट्रीत मार्क माझे जास्त असायचे, आठवतं? असो. सोन्यातलं आम्हांला काय कळणार. सरांना विचार.

प्रकृतीला जप, घर विसरू नकोस.

गंगाराम

पावणे, २५ नोव्हेंबर

चि. धर्मराज यास आशीर्वाद.

फडकं फेकून दे. आमच्याकडे पहिल्याच दिवशी सांगतात, काच पुसायची नाही. शुद्ध पाण्याने विसळून उपडी ठेवायची, निथळू द्यायची. फडक्याचे तंतू आत राहतात आणि रंग बिघडतो. तुझं पत्र वाचतानाच मला हे कळलं होतं. लिहिलं नाही. वाटलं, एकदा तरी तुझं फसू दे, तो फोटो उतरू दे. काल आईने विचारलं, धर्मराजचा विषय निघाला की तू उठून का जातोस. म्हणून आज लिहायला बसलो.

राग आला तरी पत्र टाक.

तुझा दादा

ब्रेमेन, १३ डिसेंबर

ती. दादास जयभीम.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. काम त्याआधीच्या सोमवारीच माझ्याबरोबरच्या योहानकडे गेलं. तुला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या.

पण योहानचं पाणीही काळंच होतंय. काम सोपवताना भांडी पुसायची रीत मीच त्याला शिकवली. तो रोज मला विचारतो, चुकतंय कुठे. तुझं पत्र माझ्या खिशात असतं, आणि मी म्हणतो, मला काय कळणार. दादा, तू पाच आठवडे कसे काढलेस ते आता समजतंय. लग्नाचा फोटो पेटीतून काढ, आईला मी लिहितो.

योहानला सांगू का? तू म्हणशील तसं करीन. पण उत्तर घाईने टाकू नकोस.

माया जशी आहे तशी असू दे.

तुझाच,
धर्मराज