बियांची केळ, नमुना क्रमांक सतरा

दिनांक : १६ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. संचालक,
फळपीक रोगप्रतिकार जनुक संग्रह केंद्र,
घाटकोपर (पूर्व), मुंबई.

विषय : नमुना क्र. १७ (बियांची केळ, गोराई) नष्ट न करण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. २४ जून २०२४.
२) आपले सूचनापत्र, दि. २२ ऑगस्ट २०२५.

अर्जदार : श्रीमती जोसेफीन विन्सेंट डिमेलो, वय ६३, रा. गोराई गाव, बोरिवली (पश्चिम).

महोदय,

१. मी शाळेच्या कार्यालयात एकोणतीस वर्षे लिपिक होते. अर्ज एका पानात बसला पाहिजे, असे मी पालकांना सांगत असे. हा अर्ज तसा बसलेला नाही, त्याबद्दल दिलगीर आहे.

२. माझे पती विन्सेंट यांची गोराईत बावीस गुंठ्यांची वाडी आहे. तीत वेलची केळीची तीनशेच्या वर झाडे होती. विहिरीजवळचे एक बेट मात्र वेगळ्या केळीचे होते. तिची फळे बोटाएवढी आणि आत मिरीसारख्या काळ्या, कडक बिया. ती कोणी विकत घेत नसे. सासूबाईंनी ती पानांसाठी ठेवली होती. त्या गेल्यावर पती दर वर्षी म्हणत, "यंदा हे काढून टाकतो." दर वर्षी ते राहून जाई.

३. जुलै २०२१ मध्ये वेलचीची पाने कडेपासून पिवळी पडून देठात मोडू लागली. पतींनी एक बुंधा उभा चिरला. आत तांबूस-तपकिरी रेघा होत्या. "वाट लागली," एवढे बोलून ते हात धुवायला गेले. नाताळपर्यंत सगळी वेलची गेली. विहिरीजवळचे बेट हिरवे राहिले.

४. आपल्या केंद्रातील संशोधक डॉ. नेत्रा तांडेल जानेवारी २०२२ मध्ये आमच्याकडे आल्या. त्यांनी माती नेली आणि हिरव्या बेटाचा एक मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेले पिलू, नेला. तोच आपला नमुना क्र. १७. ओट्यावर बसून त्यांनी पतींना समजावले ते मला जसेच्या तसे आठवते. "अंकल, ही मातीतली बुरशी आहे. हिच्या काही जाती बिनविषारी असतात, मुळांशी नुसत्या राहतात. पण काहींकडे एक जादा गुणसूत्र असतं. झाडाला मारायची अक्कल त्यात असते. ते एका बुरशीकडून दुसरीकडे जाऊ शकतं."

पती म्हणाले, "म्हणजे जन्माची वाईट नाय. संगतीनं होते."

डॉ. नेत्रा हसल्या. "तसंच समजा. आणि तुमच्या या केळीकडे असं काहीतरी जनुक आहे, की ती बुरशीला दारातच ओळखते."

५. पतींचे शिक्षण नववीपर्यंत. त्या दिवसापासून ते गुणसूत्र, जनुक हे शब्द घरात वापरू लागले. वाडी ओसाड पडल्यापासून ते फारसे बोलत नव्हते. आता सकाळी सातला डॉ. नेत्रांना फोन करून बेटाला किती नवी पाने आली ते सांगत. मी म्हटले, "त्या बाईला झोपू दे रे." ते म्हणाले, "तीच म्हणते रोज सांगा."

६. त्याच केळीच्या बियांपासून आपल्या केंद्राने अठ्ठेचाळीस रोपे केली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती आमच्या वाडीतल्या रोगट मातीतच लावली, कारण परीक्षा तिथेच होणार होती. जागा पतींनी स्वतःहून दिली. प्रत्येक रोपाला त्यांनी नंबराची पट्टी बांधली. मे २०२३ पर्यंत तेरा रोपे मेली, पस्तीस उभी राहिली. डॉ. नेत्रा ओळीतून दोनदा मोजत गेल्या आणि मग बांधावर मटकन बसल्या. "अंकल, चारात जवळजवळ तीन! म्हणजे एकच जनुक आहे आणि ते प्रभावी आहे. दुसऱ्या केळीत आणता येईल." पतींनी मला विहिरीवरून हाक मारून बोलावले. आम्हाला अपत्य नाही. त्या पस्तीस रोपांकडे ते कसे बघत होते, हे अर्जात लिहिण्याची पद्धत नाही.

७. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या मातीत बुरशीचा नवा, अधिक घातक प्रकार आढळल्याचे केंद्राने कळवले. वाडीतील केळी समूळ काढून जाळण्याचा आदेश निघाला. झाड निरोगी दिसले तरी बुरशी अंगात बाळगू शकते आणि आजूबाजूच्या वाड्या वाचवायच्या होत्या, हे डॉ. नेत्रांनी आम्हाला सांगितले. मला ते तेव्हाही पटले होते, आजही पटते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

८. दि. ११ नोव्हेंबर रोजी आपले पर्यवेक्षक श्री. नंदकिशोर सहा माणसे घेऊन आले. पती त्यांना म्हणाले, "बाकीची काढा. विहिरीजवळची राहू दे. तिच्याकडूनच तर तुम्हाला सगळं कळलं."

श्री. नंदकिशोर म्हणाले, "अंकल, यादीत 'सर्व केळी' लिहिलंय. 'ही सोडून' असं कुठं नाही. मी काय करू, सांगा."

ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी चहा घेतला. त्यांच्या माणसांना मात्र गड्डा खणता येत नव्हता. ते वरूनच कापत होते. अर्धा तास पती बघत राहिले. मग उठले, एका माणसाच्या हातातली पहार घेतली आणि म्हणाले, "असं नाय. खाली राहिलं तर परत फुटेल. कामच करायचं तर नीट करा." सासूबाईंचे बेट आणि पस्तीस रोपे त्यांनी स्वतः खणून काढली. संध्याकाळी आंघोळ करून जेवले. नंबरांच्या पट्ट्या धुऊन डब्यात ठेवल्या.

९. दि. १९ मार्च २०२४ रोजी दुपारी जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या पतींचे निधन झाले. त्याचा आदेशाशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. त्यांना रक्तदाब होता. फक्त दिनांक नोंदवते, कारण पुढील पत्रव्यवहार त्यानंतरचा आहे.

१०. मे २०२४ मध्ये डॉ. नेत्रा भेटायला आल्या. नमुना क्र. १७ प्रयोगशाळेत बाटलीत वाढत असून तीन तपासण्यांत तो स्वच्छ निघाला आहे, असे त्यांनी सांगितले. "आंटी, एक रोप मागा. पिंपात नवी माती घालून अंगणात लावता येईल." म्हणून मी संदर्भ १ चा अर्ज केला. एकच रोप मागितले.

११. आपण वारस दाखला मागितला. दाखल्यात मी एकटीच आहे. तो दिला. नंतर, नमुना आमच्याच वाडीतला असल्याची खात्री पटवण्यासाठी मूळ झाडाचे पान आणावे, असे कळवले. मूळ झाड आपल्या आदेशाने जाळले आहे, असे मी लिहिले. तर ते जाळल्याचे प्रमाणपत्र आणावे, असे उत्तर आले. ते प्रमाणपत्र आपल्याच कार्यालयात, तळमजल्यावर मिळते. त्यासाठी होडी, बस आणि दोन मेट्रो करून मी चार वेळा आले. मिळाले. त्यावर छापील ओळ आहे : "वाडीतील सर्व केळी रोगग्रस्त असल्याने नष्ट केली." ते जोडल्यावर आपण कळवले, की मूळ झाड रोगग्रस्त असल्याचे अर्जदाराच्याच कागदावरून दिसत असल्याने तूर्त रोप देता येत नाही, अर्ज प्रलंबित ठेवला आहे. आपल्या तीन तपासण्यांचे अहवाल पहिल्या मजल्यावर आहेत. तळमजल्याचे लिपिक म्हणाले, "वरचे कागद आमच्याकडे येत नाहीत, मॅडम." मीही लिपिक होते. ते खोटे बोलत नव्हते.

१२. यंदा दि. ५ ऑगस्ट रोजी डॉ. नेत्रांनी मला काचेबाहेरून ती बाटली दाखवली. औषधाच्या बाटलीएवढी बाटली, त्यात चार हिरवी टोके. त्या म्हणाल्या, "हीच ती, आंटी." मला वाटले होते, रडू येईल. आले नाही. मी विचारले, "पाणी कोण घालतं?" त्या म्हणाल्या, पाणी लागत नाही. मग मी निघाले. जिन्यात बराच वेळ उभी होते, असे रखवालदाराने सांगितले. मला तसे वाटले नव्हते.

१३. आता संदर्भ २ चे सूचनापत्र आले आहे. ज्या नमुन्यावर खाजगी दावा एक वर्षाहून अधिक काळ प्रलंबित आहे, तो वादग्रस्त समजून नियमानुसार निर्लेखित व नष्ट करण्यात येईल आणि नमुना क्र. १७ साठी दि. ३० सप्टेंबर ही तारीख ठरली आहे, असे त्यात लिहिले आहे. मी ते पत्र तीन वेळा वाचले. त्या नमुन्यावर दावा एकच आहे आणि तो माझा आहे. मी रोप मागितले नसते तर ते सुरक्षित राहिले असते.

१४. मी डॉ. नेत्रांना फोन केला. त्या खूप चिडल्या होत्या. वर जाऊन भांडते म्हणाल्या, वर्तमानपत्रात देते म्हणाल्या. मी त्यांना विचारले, "दावा नसला तर?" त्या म्हणाल्या, "मग राहील. पुढच्या वर्षी वेलचीशी संकर करायचा आहे. पण आंटी, मग तुम्हाला कधीच मिळणार नाही. दुसऱ्यांदा अर्ज करता येत नाही." मी म्हटले, "बरं."

१५. तरी, मी जोसेफीन विन्सेंट डिमेलो, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते, की नमुना क्र. १७ वरील माझी मागणी मी मागे घेत आहे. त्यावर माझा किंवा माझ्या पश्चात कोणाचाही हक्क राहणार नाही. नमुना वादग्रस्त यादीतून काढून पूर्ववत ठेवावा. दि. ३० पूर्वी हे व्हावे म्हणून अर्ज टपालाने न पाठवता स्वतः आवक खिडकीवर देत आहे. पोच शिक्का आजच्या तारखेचा मिळावा.

१६. अर्जाला उत्तराची आवश्यकता नाही. नियमानुसार द्यावेच लागत असेल, तर पाकिटावर फक्त माझे नाव घालावे. आपली आजवरची सर्व पत्रे "श्री. विन्सेंट डिमेलो" या नावाने आली, कारण आपल्या रजिस्टरला दाता म्हणून तेच आहेत. आमच्याकडचा पोस्टमन सहदेव नवीन आहे. फाटकातून हाक मारतो, "अंकल आहेत का घरात? त्यांचीच सही पाहिजे." दोनदा मी त्याला सांगितले. तिसऱ्यांदा नुसते म्हटले, "बाहेर गेलेत," आणि सही केली.

कळावे,

आपली नम्र,
जोसेफीन विन्सेंट डिमेलो

सोबत : १) वारस दाखला (छायाप्रत).
२) केळी नष्ट केल्याचे प्रमाणपत्र (छायाप्रत).
३) मागणी मागे घेतल्याचे स्वतंत्र निवेदन, दोन प्रतींत.